अंतराळवीर होण्यासाठी आणि अंतराळस्थानकावर राहण्यासाठी काय करावे लागते

२५ जून २०२५ रोजी ग्रुप कॅप्टन शुभांशू शुक्ला फ्लोरिडातील केनेडी अवकाश केंद्रावरून निघाले, दुसऱ्या दिवशी आंतरराष्ट्रीय अंतराळस्थानकावर पोहोचले आणि सुमारे अठरा दिवस तेथे राहून परतले. त्याआधी भारताच्या नागरिकाने पृथ्वीच्या कक्षेत पाऊल ठेवले होते ते ३ एप्रिल १९८४ रोजी, राकेश शर्मा यांच्या रूपाने. या दोन उड्डाणांत एकेचाळीस वर्षांचे अंतर आहे आणि या वाटेने जाऊ पाहणाऱ्याने सर्वांत आधी विचारात घ्यावी अशी बाब हीच आहे. संधी कधी येईल हे इच्छुकाच्या हाती नसते, आणि आली तरी जागा हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या असतात. म्हणून तयारी अशा रीतीने करावी की निवड झाली नाही तरी घेतलेले शिक्षण आणि पत्करलेला व्यवसाय आयुष्यभर पुरावा. पुढच्या सर्व सूचना हे गृहीत धरूनच केल्या आहेत.

भारतातून जाणारी वाट

आजच्या घडीला ही वाट भारतीय हवाई दलातून जाते. माणूस अवकाशात नेण्याच्या भारताच्या ‘गगनयान’ मोहिमेसाठी निवडलेले चौघेही, म्हणजे प्रशांत बालकृष्णन नायर, अजित कृष्णन, अंगद प्रताप आणि शुभांशू शुक्ला, हवाई दलातील टेस्ट पायलट आहेत. त्यांची नावे २७ फेब्रुवारी २०२४ रोजी तिरुवनंतपुरम येथे जाहीर झाली. परंतु निवड त्याच्या कितीतरी आधी झालेली होती आणि रशियातील गागारिन प्रशिक्षण केंद्रातील शिक्षणही २०२१ मध्येच संपले होते. टेस्ट पायलटच का, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. नवे यान पहिल्यांदा माणसे घेऊन उडते तेव्हा त्याचे सगळे दोष कागदावर सापडलेले नसतात. अनोळखी यंत्र विचित्र वागू लागले असता न गडबडता त्याचे निरीक्षण करणे, ते नेमक्या शब्दांत नोंदवणे आणि त्याच वेळी जीव आणि यंत्र दोन्ही सांभाळून आणणे, हे टेस्ट पायलटचे रोजचे काम असते. यान रुळल्यानंतर शास्त्रज्ञ, डॉक्टर आणि अभियंते यांना जागा मिळू लागते, असे अमेरिका आणि रशिया या दोन्ही देशांत घडले आहे. भारतातही क्रम हाच राहील असे मानायला हरकत नाही. मात्र केवळ त्या आशेवर आज अकरावीची शाखा ठरवू नये.

हवाई दलाच्या वैमानिक शाखेत जाण्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित हे दोन्ही विषय असावे लागतात. बारावीनंतरचा सरळ मार्ग म्हणजे केंद्रीय लोकसेवा आयोगातर्फे वर्षातून दोनदा होणारी एनडीएची, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची, परीक्षा. तिच्यासाठी वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस वर्षे असावे लागते. राकेश शर्मा आणि शुभांशू शुक्ला हे दोघेही खडकवासल्याच्या या प्रबोधिनीचे विद्यार्थी होते, आणि २०२२ पासून मुलींनाही तेथे प्रवेश मिळू लागला आहे. महाराष्ट्रातील मुलांसाठी राज्य शासनाची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था छत्रपती संभाजीनगर येथे १९७७ पासून चालू आहे. दहावीनंतर तेथे प्रवेश घेऊन अकरावी-बारावीबरोबरच एनडीएची तयारी करता येते. ज्यांची ही संधी हुकली त्यांना पदवीनंतर हवाई दलाची एएफकॅट ही प्रवेशपरीक्षा देता येते.

लेखी परीक्षेनंतर सेवा निवड मंडळाची मुलाखत असते आणि वैमानिक होऊ इच्छिणाऱ्यांसाठी संगणकावर घेतली जाणारी वेगळी चाचणी असते. ही दुसरी चाचणी आयुष्यात एकदाच देता येते, आणि तीत अनुत्तीर्ण झालेल्याला वैमानिक शाखेचे दार कायमचे बंद होते, म्हणून ती सहज ‘एक प्रयत्न करून पाहू’ अशा वृत्तीने देऊ नये. रंगांधत्व, ठरावीक मर्यादेपलीकडचा दृष्टिदोष, कमी उंची किंवा पायांची न बसणारी लांबी यांमुळेही नकार मिळतो. शरीराची ही मोजमापे अभ्यासाने बदलता येत नाहीत. त्यामुळे क्लासचे शुल्क भरण्यापूर्वी नेत्रतज्ज्ञाकडून एकदा तपासून घेणे शहाणपणाचे ठरते.

निवडीनंतर उड्डाणाचे शिक्षण, लढाऊ विमानांवरील काही वर्षांची सेवा आणि मग बेंगळुरूच्या टेस्ट पायलट प्रशालेतील अभ्यासक्रम, असा क्रम आहे. अंतराळवीरांसाठीची वैद्यकीय छाननी बेंगळुरूच्याच वैमानिकी वैद्यक संस्थेत होते. उड्डाण केले तेव्हा शुक्ला एकोणचाळीस वर्षांचे होते, दोन हजारांहून अधिक तासांचे उड्डाण त्यांच्या खाती जमा होते आणि भारतीय विज्ञान संस्थेची अभियांत्रिकीतील पदव्युत्तर पदवीही त्यांच्याकडे होती. आज दहावीत असलेला विद्यार्थी त्या वयाला पोहोचेपर्यंत २०४५ उलटून गेलेले असेल. सध्याचे आंतरराष्ट्रीय स्थानक २०३० च्या सुमारास कक्षेतून खाली आणण्याचे ठरले आहे, तर भारतीय अंतराळ स्थानक २०३५ पर्यंत उभारण्याचे भारताचे उद्दिष्ट आहे. तेव्हा या वाचकाने आपला मुक्काम या दुसऱ्या स्थानकावर असेल असे धरून चालावे.

परदेशातून जाणारी वाट

नासाची पहिली अट अमेरिकेचे नागरिकत्व ही आहे आणि तिला पर्याय नाही. त्याखेरीज विज्ञान, अभियांत्रिकी, गणित किंवा वैद्यक यांपैकी एखाद्या विषयातील पदव्युत्तर पातळीचे शिक्षण, किमान तीन वर्षांचा व्यावसायिक अनुभव किंवा विमानाचे सारथ्य केल्याचे एक हजार तास, आणि दीर्घ उड्डाणासाठीची शारीरिक चाचणी या अटी आहेत. चष्मा असला तरी चालतो, मात्र त्याने दृष्टी पूर्ण सुधारली पाहिजे. कर्नालच्या कल्पना चावला चंदीगडच्या पंजाब अभियांत्रिकी महाविद्यालयातून वैमानिकी अभियांत्रिकी शिकून अमेरिकेत गेल्या, १९८८ मध्ये त्यांनी कोलोराडो विद्यापीठातून डॉक्टरेट मिळवली, काही वर्षांनी नागरिकत्व घेतले, १९९४ मध्ये त्यांची निवड झाली आणि पहिले उड्डाण १९९७ मध्ये झाले. भारतात जन्मलेल्या व्यक्तीला या वाटेवर किती काळ लागतो याचे हे प्रत्यक्ष माप आहे.

स्पर्धेचा अंदाजही घेऊन ठेवावा. २०२१ च्या तुकडीसाठी बारा हजारांवर अर्ज आले आणि दहा जण घेतले गेले. सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या तुकडीतही आठ हजारांवर अर्जदारांमधून दहाच जणांची निवड झाली. युरोपच्या अवकाश संस्थेकडे मागील भरतीत साडेबावीस हजारांहून अधिक अर्ज होते आणि तेथे सदस्य किंवा सहयोगी सदस्य देशांच्या नागरिकांनाच अर्ज करता येतो. एवढ्या गर्दीत उत्तम गुणपत्रिका हा वेगळेपणा राहत नाही, कारण ती सर्वांकडेच असते. निवड समिती पाहते ते असे की अर्जदाराने जोखमीच्या, अपुऱ्या साधनांच्या आणि इतरांवर अवलंबून असलेल्या परिस्थितीत काम केले आहे का. २०२१ च्या तुकडीतील अनिल मेनन हे आपत्कालीन वैद्यकाचे डॉक्टर आहेत, हे या संदर्भात लक्षात घेण्यासारखे आहे.

वाट कोणतीही असो, चार सवयी शाळा-महाविद्यालयापासून लावून घेता येतात. पोहणे उत्तम यावे, कारण प्रशिक्षणाचा मोठा भाग पाण्यात होतो. बिघडलेली वस्तू उघडून दुरुस्त करण्याची आणि ती करताना मार्गदर्शिकेतील पायऱ्या एकही न गाळता वाचण्याची सवय असावी. एक परकी भाषा कामापुरती नव्हे तर विनोद कळण्याइतकी शिकावी. आंतरराष्ट्रीय स्थानकासाठी ही भाषा रशियन आहे. आणि चौथी, जिच्याकडे बहुतेक जण दुर्लक्ष करतात, ती म्हणजे थकलेल्या, भिजलेल्या आणि भुकेल्या अवस्थेत इतरांशी नीट वागण्याची. नासा आपल्या उमेदवारांना यासाठीच रानावनांतील अनेक दिवसांच्या मोहिमांवर पाठवते. सह्याद्रीत ऐन पावसाळ्यात चार जणांसह केलेला मुक्कामी ट्रेक हा त्याचा बऱ्यापैकी पर्याय आहे.

प्रशिक्षण

निवड म्हणजे उड्डाण नव्हे. नासात सुमारे दोन वर्षांचे प्राथमिक प्रशिक्षण झाल्यावर उमेदवार अंतराळवीर म्हणवला जातो, आणि त्यानंतर विशिष्ट मोहिमेचे प्रशिक्षण वेगळे असते. सुरुवातीलाच उड्डाणाचा पोशाख आणि बूट घालून तरणतलावाच्या फेऱ्या माराव्या लागतात आणि दहा मिनिटे पाण्यात उभ्याने तरंगावे लागते. पुढे ह्यूस्टनच्या बारा मीटर खोल तलावात स्थानकाची प्रतिकृती बुडवून ठेवलेली आहे, तिच्यावर अंतराळपोशाख घालून एका वेळी सहा-सहा तास काम करायचे असते. वजनरहित अवस्थेचा खरा अनुभव विमानाच्या विशिष्ट उड्डाणात मिळतो, पण तो प्रत्येक वेळी वीस-पंचवीस सेकंदच टिकतो. गगनयानच्या चौघांनी रशियात बर्फाळ जंगलात, पाण्यात आणि गवताळ मैदानात तग धरण्याचेही शिक्षण घेतले, कारण परतणाऱ्या यानाची कुपी ठरलेल्या जागी उतरेलच याची खात्री नसते.

प्रत्येक जागेसाठी एक राखीव अंतराळवीर तितकेच कष्ट घेत असतो. १९८४ मध्ये रवीश मल्होत्रा यांनी शर्मांच्या बरोबरीने पूर्ण प्रशिक्षण घेतले आणि ते कधीही गेले नाहीत. २०२५ मध्ये शुक्लांच्या मागे प्रशांत नायर उभे होते. ही भूमिका मनापासून स्वीकारता येईल का, याचा विचार आधीच करावा. तारखाही पुढे जातात. शुक्लांचे उड्डाण प्रक्षेपकातील द्रव ऑक्सिजनची गळती आणि स्थानकाच्या रशियन भागातील दुरुस्ती अशा कारणांनी वारंवार लांबले आणि त्या यानातून जाणाऱ्या चौघांना जवळजवळ महिनाभर विलगीकरणात राहावे लागले.

स्थानकावरील दिवस

स्थानक सुमारे चारशे किलोमीटर उंचीवरून ताशी सुमारे २८,००० किलोमीटर वेगाने फिरते आणि दर दीड तासाने एक प्रदक्षिणा पूर्ण करते, म्हणजे दिवसाला सोळा सूर्योदय होतात. त्यांच्यावर अवलंबून राहण्यात अर्थ नसल्याने घड्याळ ग्रीनिच वेळेवर चालते. सकाळी सहाच्या सुमारास उठायचे, जमिनीवरील केंद्रांशी बैठक घ्यायची आणि मग पडद्यावरील वेळापत्रकाप्रमाणे काम करायचे. या वेळापत्रकावर चालू वेळ दाखवणारी लाल रेषा सतत पुढे सरकत असते, आणि दिलेल्या कामात मागे पडलेल्या माणसाला ती फार छळते. जमिनीवरून पाच मिनिटांचे वाटणारे काम तेथे पंधरा मिनिटे घेते, कारण प्रत्येक अवजार, प्रत्येक स्क्रू आणि स्वतःचे शरीरही कशाला तरी अडकवून ठेवावे लागते. नवख्याने पहिल्या आठवड्यात घाई अजिबात करू नये.

पहिले दोन-तीन दिवस बहुतेकांना मळमळते. शरीरातील द्रव डोक्याकडे सरकतो, चेहरा सुजल्यासारखा होतो, नाक चोंदते. या काळात डोके झटक्याने वळवू नये, एक दिशा ‘वर’ अशी मनाशी ठरवून घ्यावी आणि औषध घेण्यात कमीपणा मानू नये. नाक चोंदल्यामुळे जेवण बेचव लागते, म्हणून तिखट, आंबट पदार्थांना तेथे मोठी मागणी असते. शुक्लांनी आपल्याबरोबर गाजर हलवा, मूगडाळ हलवा आणि आमरस नेला होता. तिन्ही पदार्थ चिकटून राहणारे आहेत, आणि स्थानकावर ही मोठीच सोय आहे. ज्याचा चुरा होतो ते निषिद्ध. पाव नाही, त्याऐवजी पोळीसारखा टॉर्टिया. मीठ पाण्यात विरघळवलेले, मिरपूड तेलात कालवलेली, कारण हवेत उडालेला कण डोळ्यांत किंवा यंत्रात जातो. हरवलेली लहान वस्तू शोधायची असेल तर हवा खेचणाऱ्या जाळीपाशी पाहावे; हवेचा प्रवाह बहुतेक वस्तू शेवटी तेथेच आणून सोडतो.

झोपण्यासाठी उभ्या कपाटाएवढी खोली मिळते आणि झोपण्याची पिशवी भिंतीला बांधावी लागते. खोलीतील पंखा चालू आहे ना, हे झोपण्यापूर्वी पाहणे आवश्यक आहे. गरम हवा वर जाण्याची क्रिया तेथे होत नाही, त्यामुळे पंखा बंद असल्यास श्वासातून बाहेर पडलेला कार्बन डायऑक्साइड तोंडाभोवतीच साचतो आणि माणूस डोकेदुखीने जागा होतो.

शौचालयाबद्दल सर्वांनाच कुतूहल असते. तेथे गुरुत्वाकर्षणाचे काम हवेचा झोत करतो. लघवीसाठी नरसाळे लावलेली नळी असते. घन मळ पिशवीत बंद करून डब्यात साठवतात, आणि तो डबा पुढे मालवाहू यानाबरोबर वातावरणात जळून जातो. लघवी, घाम आणि श्वासातील बाष्प यांचे शुद्धीकरण करून पुन्हा पिण्याचे पाणी तयार केले जाते. २०२३ मध्ये नासाने पाण्याच्या या पुनर्वापराचे प्रमाण ९८ टक्क्यांपर्यंत नेले. यंत्र बिघडल्यास ते अंतराळवीरालाच दुरुस्त करावे लागते, मग तो डॉक्टरेट मिळवलेला असो की स्क्वाड्रनचा प्रमुख. अंघोळ म्हणजे ओल्या टॉवेलने पुसणे. कपडे धुण्याची सोय नाही, ते वापरून टाकून द्यायचे असतात.

व्यायाम ही तेथे हौस राहत नाही. वजन पेलावे न लागल्याने हाडांची घनता उपाय न केल्यास महिन्याला एक ते दीड टक्का घटते आणि पायांचे, पाठीचे स्नायू झिजतात. म्हणून रोज दोन ते अडीच तास राखून ठेवलेले असतात. धावण्याच्या पट्ट्यावर शरीर लवचिक पट्ट्यांनी खाली ओढून बांधावे लागते. वजने उचलण्याऐवजी निर्वात नळकांड्यांच्या विरोधावर चालणारे यंत्र वापरतात. सुनीता विल्यम्स यांनी एप्रिल २००७ मध्ये अशाच पट्ट्यावर बोस्टन मॅरेथॉनचे पूर्ण अंतर धावून काढले. तेवढे कोणी करावे अशी अपेक्षा नाही. पण कंटाळ्याने एक दिवस चुकवला की पुढचा चुकवणे सोपे जाते.

आणीबाणीचे तीन प्रकार मनात पक्के बसलेले असावेत: आग, हवेची गळती आणि विषारी वायू. आग लागल्यास वायुवीजन थांबवणे महत्त्वाचे, कारण ज्वाळेला प्राणवायू पुरवतो तो पंखाच. गळती असल्यास आधी आपापल्या यानाजवळ जमून, मग एकेक दार बंद करत दोष कोणत्या भागात आहे हे शोधतात. शीतकरणातील अमोनिया आत आल्याची शंका असल्यास सर्वांनी रशियन भागात जाऊन मधले दार लावायचे असते. १४ जानेवारी २०१५ रोजी असेच करावे लागले. सूचना खोटी निघाली, तरी खरी समजूनच वागणे योग्य होते. स्थानकाबाहेरील कामात धीर किती लागतो हे १६ जुलै २०१३ च्या घटनेवरून कळते. इटलीच्या लुका पारमितानो यांच्या शिरस्त्राणात एक लिटरहून अधिक पाणी साचले, नाक-डोळे झाकले गेले, काही दिसेना. तेव्हा सुरक्षा-दोराच्या ओढीचा अंदाज घेत ते आत येण्याच्या दारापर्यंत पोहोचले. त्यानंतर शिरस्त्राणात पाणी शोषणारी गादी आणि श्वास घेण्यासाठीची नळी बसवण्यात आली.

राहता राहिला सहवास. सात माणसे, तीन-चार देश, एकच हवा. चाळीत वाढलेल्या माणसाला यातले निम्मे आधीच येत असते: आवाज कमी ठेवणे, सामाईक जागा वापरून झाल्यावर पूर्ववत करणे, शेजाऱ्याच्या अबोल्याचा लगेच राग न धरणे. आपली चूक झाली असल्यास ती ताबडतोब आणि सर्वांसमोर सांगावी. लपवलेली सैल झडप दुसऱ्याच्या जिवावर बेतते. जेवण शक्य तितके एकत्र घ्यावे. घरच्यांशी बोलताना परतीची तारीख ठामपणे सांगू नये. सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर ५ जून २०२४ रोजी जेमतेम आठवड्याभराच्या कामासाठी गेले आणि यानातील बिघाडामुळे २८६ दिवसांनी परतले. मधल्या काळात त्यांनी नेहमीच्या तुकडीचे काम हाती घेतले आणि विल्यम्स स्थानकाच्या प्रमुखही झाल्या. अशा वेळी हातात काम असणे हाच सर्वांत मोठा आधार असतो.

परतल्यावर

निघण्यापूर्वी मिठाच्या गोळ्या आणि भरपूर पाणी घ्यावे लागते, आणि पाय आवळून धरणारा पोशाख घालावा लागतो. नाहीतर उभे राहताच रक्तदाब घसरून भोवळ येते. उतरताना शरीरावर वजनाच्या चार-पाच पट भार येतो, आणि रशियाचे सोयूझ यान सरळ तीव्र मार्गाने उतरल्यास तो आठ-नऊ पटींपर्यंत जातो. जमिनीवर पहिले काही दिवस तोल सांभाळत चालावे लागते. सवयीही मागे राहतात. शुक्लांनी काम संपल्यावर आपला लॅपटॉप पलंगाशेजारी हवेत सोडून दिला आणि तो खाली पडला, असे त्यांनी नंतर सांगितले. दीर्घ मोहिमेनंतर नासात पंचेचाळीस दिवस रोज दोन तासांचे पुनर्वसन असते आणि तोल पूर्ण येईपर्यंत गाडी चालवण्यास मनाई असते. त्याच काळात तांत्रिक चर्चासत्रे चालू होतात: कोणती कार्यपद्धती चुकीच्या क्रमाने लिहिली होती, कोणते अवजार हाताला लागत नव्हते, कोणत्या सूचनेचा अर्थ लागला नाही. या नोंदी पुढच्या तुकडीच्या मार्गदर्शिकेत जातात, म्हणून त्या स्थानकावर असतानाच रोजच्या रोज लिहून ठेवाव्यात. हाडे, डोळे आणि हृदय यांच्या तपासण्या निवृत्तीनंतरही वर्षानुवर्षे चालू राहतात.